यादगार बेगांच्या घुमटाखालची जागा

मी आनाबीबी, उस्ता कलंदर गवंडी यांची मुलगी, सपर बेग यांची विधवा, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार खिवा, कोटाच्या आत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून घेत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण इथे त्यांचे काम नाही. हे मला पुरल्यानंतरच वाचावे.

१. राहते घर माझी मोलकरीण रजबबीबी हिला. तिने माझे पाय चेपले आणि तोंडही सहन केले.

२. पुतण्या अवाज बेग यास माझी खरबुजाची सुरी. तो रोज येऊन म्हणतो, "काकी, कोटाबाहेर आमच्या बागेत चला की! हवा बदलेल, खरबुजंही पिकलीत."

मी म्हटले, "लबाडा, बाहेर मेलेल्याला वेशीतून आत घेत नाहीत. घराण्याच्या घुमटाखाली पुरायला एकच जागा उरलीय, ती तुला हवीय!"

"काहीतरीच काय, काकी!" म्हणाला, पण कान लाल झाले.

३. घुमटाविषयी. तो सासरे यादगार बेग यांनी स्वतःसाठी माझ्या वडिलांकडून बांधवला. दारावर हातभर अक्षरांत स्वतःचे नाव. शेजारच्या बेगाचा घुमट वीतभर उंच निघाला म्हणून आपला दोनदा उतरवून पुन्हा उंच बांधायला लावला. तेवढ्यात स्वारी बागेत खरबूज खाता खाता गेली. रखवालदाराने प्रेत वेशीवरून परत पाठवले. अजून तिथेच जर्दाळूखाली आहेत. मधले थडगे रिकामेच राहिले, पण घराण्याची लाज जाऊ नये म्हणून हे मुलांनाही कुणी सांगितले नाही.

तिसऱ्यांदा घुमट चढवताना वडील पडले आणि गेले. थोरले दीर, म्हणजे अवाजचे वडील, म्हणाले, "गवंड्याला कोटाबाहेर न्या." मी फार रडले. माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकच धाडस केले: जुम्म्याच्या नमाजाला सगळे गेले असताना वडिलांना त्या रिकाम्या थडग्यात ठेवून वीट लावली. कोटाबाहेर गेलेल्या कफनात विटाच होत्या.

वडिलांशेजारची जागा हुकू नये म्हणून तेव्हापासून पंचेचाळीस वर्षे मी वेशीबाहेर पाऊल टाकलेले नाही, सख्ख्या बहिणीच्या मयतीलाही नाही.

४. अवाज, दर ईदला पाहुण्यांना "आमचे आजोबा" म्हणून दाखवतोस आणि डोके टेकतोस, ते माझे वडील. छातीवर त्यांचा भिंत सरळ पाहायचा ओळंबा आहे. खोटे वाटत असेल तर थडगे फोड, पण चारचौघांत फोड. आणि हळू, शेजारी मी झोपले आहे.

खिवा, शाबान १३३०.
आनाबीबी (अंगठा)

साक्षीदार: इमाम दौलतयार, यांनीच मला पुरायचे कबूल केले आहे.
साक्षीदार: खुदायनजर, वेशीचा रखवालदार. यादगार बेगांना परत पाठवणारे ते याचे वडील.