कोरडी फरशी

जबलपूर,
गुरुवार, ९ डिसेंबर १९७१

चिरंजीव रत्नाकर,

बारा-बारा तासांच्या पाळीत दिवसाचं ऊनही न दिसणाऱ्या, तोफगोळ्यांत दारू भरणाऱ्या भरणीखात्याच्या कामगारा! बघ, सवय कशी असते. भावाला पत्र लिहायला बसलो आणि पहिलंच वाक्य गेटवरच्या सभेचं झालं. पण खोडत नाही, कारण ते खरं आहे. ही पाळी तुझ्याही लोकांना भाजते आणि माझ्याही. एवढं एक दुःख आपल्या दोन्ही युनियनांना समान आहे आणि त्याच्यावर एकत्र अर्ज करायला आपल्याला वेळ नाही.

तीन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या भावाला पत्र का, असं तुझी विनता विचारेल. रविवारी मी दाराशी आलो होतो. आतून तुझा आवाज आला, "नेताजी आले असतील तर म्हणावं, सभा मैदानात घ्या." मी परत फिरलो. म्हणून हे पत्र शैलजाच्या हाती पाठवतो आहे. निदान पुतणीसाठी तरी दार उघडशील.

आई बरी आहे. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळे कागद लावल्यापासून तिला दिवसाही अंधारल्यासारखं वाटतं. भोंगा वाजला की विचारते, "हा पाळीचा का विमानाचा?" आम्ही पाळीचाच सांगतो. तुझ्याबद्दल रोज विचारते. दिवाळीत तिच्या स्वयंपाकघरात आपण दोघं वर्क्स कमिटीच्या जागेवरून भांडलो, तेव्हा ती म्हणाली होती, "शेडमध्ये शिरताना काडेपेटी, अंगठी सगळं बाहेर काढून ठेवता न? तशी तुमची युनियन माझ्या दारात काढून ठेवत जा." सगळे हसले होते. आपण दोघं सोडून.

त्या दिवशी तू म्हणालास, "दादा, भांड्याला भांडं लागणारच. चार माणसं जमली की दोन गट होतात. घर असो, कारखाना असो, देश असो." मी तुला पळपुटा म्हणालो. माझं म्हणणं होतं की राजकारण माणसाने केलेलं आहे, पावसासारखं आभाळातून पडत नाही. मी किती पुस्तकांचे दाखले दिले! आता तिकडे पूर्वेला तोफा चालल्या आहेत. एका देशाचे दोन झाले, दोनाचे तीन होण्याची वेळ आली. ज्यांनी एका ताटात खाल्लं त्यांनी एकमेकांची गावं जाळली. रेडिओ ऐकताना वाटतं, तूच बरोबर होतास. भांडण टळत नाही. पण आपल्या थोरल्यांचं पानिपत आठव. तिथे तोफा होत्या, माणसं होती. एकमेकांचं ऐकायचं नाही असं ठरवून बसलेले तंबूही होते. त्यांचं भांडण कदाचित अटळ असेल. शत्रू समोर उभा असताना ते छावणीतच भांडायचं, हे मात्र कोणाच्या नशिबात लिहिलेलं नव्हतं. ते त्यांनी स्वतः निवडलं.

मी पुन्हा भाषण करतो आहे. कारण जे लिहायचं आहे ते हातातून उतरत नाही.

तुझ्या शेडची फरशी कोरडी आहे, रत्नाकर.

तुला ठाऊक आहेच. चार्जमन तू आहेस, शेड तुझ्या ताब्यात आहे. थंडीत हवा कोरडी होते, चालताना कपडा कपड्याला घासला तरी अंगात वीज साठते, तिची ठिणगी उडते आणि दारूच्या भुकटीला तेवढी पुरते. म्हणून भरणी सुरू होण्याआधी फरशीवर पाणी मारायचं आणि दिवसभर ती ओली ठेवायची, हे आपल्याकडे बाबांच्या काळापासून चालत आलं आहे. पाणी मारणारे रामरावच्या टोळीचे, म्हणजे माझ्या युनियनचे. ते म्हणतात, चार्जमनने येऊन मागितल्याशिवाय देणार नाही. तुझे लोक म्हणतात, त्यांच्यापुढे हात पसरणार नाही. मग तुझी माणसं सकाळी एक ओलं पोतं फिरवतात, ते घटकाभरात वाळतं आणि साहेबाने विचारलं की तू सांगतोस, "फरशी ओली आहे."

हे मला कसं कळलं? काल शेजारच्या शेडमधला बापू आला होता. तो आमच्यातला, पण त्याचा मेहुणा तुझ्या हाताखाली आहे. म्हणाला, "दादा, मेहुण्याने तांब्याच्या पट्टीला हात लावला तर बोटाला चटका बसला. तुमाले सांगतो, त्याचा चेहरा पाहून मीच जेवलो नाही." शेडच्या दारातली ती पट्टी कशासाठी असते, हे तुला मी सांगायला नको. या वेळी तिने चटका दिला, अंगातली वीज बाहेर निघाली. उद्या एखादा घाईत पट्टीला हात न लावता आत गेला तर?

मी आज सकाळीच रामरावकडे गेलो. म्हटलं, पाणी मारा. तो विडी चोळत राहिला. "तुमीच तर बोलले होते दादा. आता काहून फिरून राहिले? भाऊ आहे म्हणून?" बाकीचे हसले. एक म्हणाला, "इलेक्शन होऊ द्या, मग नर्मदा आणून सोडतो त्याच्या शेडमध्ये."

मग साहेबाकडे गेलो. ते खुर्चीतून उठलेही नाहीत. "नेताजी, देश लड़ रहा है और आप पानी पे लड़ रहे हो? चार्जमन कहता है गीला है. पहले दोनों भाई आपस में तय कर लो."

रामराव काय म्हणाला ते तू नीट वाचलंस ना? "तुमीच तर बोलले होते." हो. मीच. महिन्याच्या पहिल्या तारखेला, गेटवर. "ज्या शेडमध्ये फुटीर काम करतात, तिथे आपल्या माणसाने पाण्याचा थेंब टाकू नये!" केवढ्या टाळ्या पडल्या. तुझ्या घरापर्यंत ऐकू गेल्या असतील. बोलताना माझ्या डोळ्यांसमोर फरशी नव्हती, तू होतास. तुला वाकवायचं होतं. दुसऱ्याच दिवशी कळलं की त्यांनी ते शब्दशः घेतलं आहे. तेव्हाच गेटवर जाऊन शब्द मागे घ्यायला हवा होता. पण कमिटीची निवडणूक पुढच्या आठवड्यात. भावासाठी नमला म्हणतील, मतं जातील. म्हणून मी गप्प राहिलो. तू रोज त्या शेडमध्ये जात होतास आणि मी रोज मतं मोजत होतो. काल बापू आला नसता तर आजही गप्प असतो, हे लिहिताना मला माझीच भीती वाटते.

तूही गप्प आहेस, आणि तुझंही कारण तेच असणार. आपण एकाच आईची मुलं.

मी एकट्याने शब्द मागे घेतला तर रामराव ऐकणार नाही, हे आज पाहिलं. तू मागावंस, हीच त्याची हौस आहे. शेडच्या दारात आडवा पडलो तर युद्धात काम बंद पाडणारा म्हणून मला उचलून नेतील, आणि माझी माणसं त्याचा सूड तुझ्या शेडवर काढतील. मग पाणी तर दूरच. बाबांच्या अस्थी घेऊन आपण नर्मदेवर तिलवाऱ्याला गेलो, तेव्हा निदान अस्थी होत्या. स्फोटानंतर भरणीच्या शेडमधून काय हाती येतं, ते तू पाहिलेलं आहेस.

निवडणुकीत माझ्याविरुद्ध उभा राहा. मला पाड. गेटबाहेर आयुष्यभर भांडू, मला ते आवडतं, तुलाही. फक्त त्या चार भिंतींच्या आत नको.

उद्या सकाळी पहिला भोंगा व्हायच्या आधी गेटवर ये. मी तिथे सगळ्यांसमोर सांगेन की मी चुकलो. माझं बोलून संपलं की तू पुढे हो, आणि तुझ्या लोकांदेखत, माझ्या लोकांदेखत, रामरावला मोठ्याने म्हण: "माझ्या शेडला पाणी दे."

माग, रत्नाकर.

गेटवर तुझी वाट पाहत उभा असलेला,
दादा