दुसऱ्या पेल्यानंतर

ग्वालेग्वाय,
१४ मार्च १९९४

प्रिय नणंदबाई एल्विरा,
स. न. वि. वि.

त्या सकाळी मी आधी कोंबड्यांना मका टाकला. मग आदल्या दिवशीच्या येर्बा-चहाचा चोथा गुलाबाच्या बुडाशी झटकला आणि शेगडीवर किटली ठेवली. किटली गायला लागली की उतरवायची, उकळू द्यायची नाही, नाहीतर येर्बाचा पाला जळतो. हे तुझ्या भावानेच मला लग्नाच्या आठवड्यात शिकवलं होतं. अनिबाल अंगणात संत्र्याखाली वेताच्या खुर्चीत बसला होता, टोपी गुडघ्यावर. पहिला कडूजार पेला भरणाऱ्याने प्यायचा, तो मी प्यायले. पुन्हा पाणी ओतलं, पेल्यातली ओढायची नळी त्याच्याकडे वळवून पेला त्याच्या हातात दिला. रोज त्याचे सात व्हायचे. एक्केचाळीस वर्षं सात.

इथवर आठवतं आणि मी थांबते. तो जाऊन चौदा महिने झाले, रोज सकाळी याच जागी थांबते.

तेव्हापासून मी येर्बाला हात लावलेला नाही. सकाळी घसा असा आवळतो की पावाचा तुकडासुद्धा उतरत नाही. दुपारनंतर थोडं जातं. नऊ किलो वजन उतरलं. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिली, रक्त तपासलं, काही सापडलं नाही. आता म्हणतात की शाळेमागे मिर्ता शोनफेल्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई बसतात, त्यांच्याकडे जा. आणखी तीन किलो गेले तर पारानाच्या इस्पितळात भरती करीन, असा दमही दिला. मी भरती झाले तर कोंबड्या कोण बघणार आणि वाचनालयातली पुस्तकं कोण शिवणार?

मी चौथीपर्यंत शिकलेली, पण हार मानली नाही. वाचनालयातून मनाच्या आजारांवरचे दोन खंड आणले आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. पहिला खंड संपेपर्यंत त्यातले सगळे आजार मला झाले होते. दुसरा मिटून ठेवला.

तू त्या बुएनोस आयरेसमध्ये एकोणीस वर्षं अशा माणसाकडे जातेस. आम्ही तुझ्यामागे हसायचो, हे तुला ठाऊक असेलच. आता नीट सांग. सोफ्यावर आडवं व्हावं लागतं का? वेड्यांच्या यादीत नाव जातं का? काय घालून जायचं? फोनवर विचारता येत नाही, दुकानातल्या फोनपाशी कायम तीन बाया मीठ घ्यायला उभ्या असतात.

कळावे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, उत्तर मात्र लवकर धाड.

तुझी
ओतिलिया

•

बुएनोस आयरेस,
२१ मार्च १९९४

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

हसले. दोनदा हसले, मग पत्र परत वाचलं आणि नऊ किलोपाशी हसू थांबलं. अगं, मला आधी का नाही कळवलंस?

वेड्यांची यादी वगैरे काही नसते. इथे आमच्या आल्माग्रो भागात एखादी बाई म्हणाली की मी मानसशास्त्रज्ञाकडे जात नाही, तर लोक तिच्याकडे काळजीने बघतात. फेब्रुवारीत हे सगळे मानसशास्त्रज्ञ महिनाभर समुद्रावर जातात, तेव्हा अर्धं शहर रडवेलं होऊन आपापसात भांडतं. माझा तो सोन्सिनीसुद्धा जातो. मी त्याला एकोणीस वर्षांत पायजम्यात पाहिलेलं नाही, पण त्याला माझं सगळं माहीत आहे.

आता ऐक. गेल्या गेल्या भिंतीवर नोंदणी क्रमांकाचा कागद दिसतो का बघ. नसला तर विचार, त्यात उद्धटपणा नाही. किती वेळ बसायचं, आठवड्यातून कितीदा, फी किती, एखाद्या दिवशी जमलं नाही तर काय, हे पहिल्याच दिवशी बोलून घे. त्या कशा पद्धतीने काम करतात तेही विचार. सोफ्यावर काहीजण झोपवतात, काही खुर्चीत बसवतात. तुला नको असेल तर नको म्हण. गोळ्या त्या देत नाहीत, तो वेगळ्या डॉक्टरचा प्रांत. तू बोललेलं त्यांच्याकडेच राहतं, कुणाच्या जिवावर बेतणार असेल तेवढंच सोडून. पहिल्या दोन-तीन खेपा त्या तुला पारखतात, तशी तूही त्यांना पारख. पटल्या नाहीत तर दुसरी शोध, पण तोंडावर सांगून नीघ.

आणि हे कर, ते कर, असं त्यांच्याकडून ऐकायची वाट बघू नकोस. ते सांगायला तुझे शेजारी पुरेसे आहेत. सुरुवातीला आधीपेक्षा वाईट वाटेल. बंद खोली झाडायला घेतली की आधी धुरळाच उडतो. गप्प बसावंसं वाटलं तर गप्प बस. काय घालायचं ते काहीही घाल, फक्त ते तपकिरी जाकीट नको, त्यात तू तिकीट तपासनीस दिसतेस.

एक गोष्ट मात्र कोरून ठेव. केक घेऊन जाऊ नकोस. मी तुला ओळखते.

बरी हो, त्याशिवाय तुझ्याशी भांडायला मजा येणार नाही.

तुझी नणंद
एल्विरा

•

ग्वालेग्वाय,
११ एप्रिल १९९४

प्रिय एल्विरा,
स. न. वि. वि.

केक नेला. रागावू नकोस. या गावात कुणाच्या दारात पहिल्यांदा जाताना रिकाम्या हाताने कसं जायचं? मिर्ताबाई राहतात त्याच घराच्या पुढच्या खोलीत बसतात. बेल वाजवायची, पाय पुसायचे, दार त्याच उघडणार. हे भेटायला जाणं नाही तर काय? कोहळ्याच्या मुरंब्याचा केक केला, चांगल्या निळ्या थाळीत झाकून नेला.

त्यांनी आभार मानले आणि थाळी कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवली. कापला नाही. कागद भिंतीवर होता. बाकीचं सगळं तुझ्या पत्रात होतं तसं विचारून घेतलं, त्या म्हणाल्या, बरंच ठरवून आलात की. मग मी पन्नास मिनिटं बोलले. दातांच्या डॉक्टरची बायको सोडून गेली ते, नदीच्या पुराचं, वाचनालयाच्या समितीतली भांडणं, तुझी एकोणीस वर्षं. तुझी नक्कलसुद्धा केली, त्या हसल्या. घड्याळात वेळ झाली तेव्हा त्यांनी विचारलं, आणि तुमचं काय? मी म्हटलं, माझं बरं आहे. अनिबाल कसा गेला असं विचारलं. मी म्हटलं, झोपेत गेला, शांतपणे.

एल्विरा, तो झोपेत गेला नाही हे तुलाही माहीत आहे. का खोटं बोलले, मला माहीत नाही.

दुसऱ्या खेपेला त्यांनी मला थाळी परत दिली. धुतलेली, पुसलेली आणि रिकामी. वर चार अंजिरं नाहीत, दोन बिस्किटं नाहीत, परसातल्या पुदिन्याची काडी नाही. आपल्याकडे कुणी कुणाची थाळी रिकामी परत केली आहे का कधी? तुझी आई भांडलेल्या शेजारणीलासुद्धा थाळीत मूठभर मीठ घालून पाठवायची. मी थाळी उचलली, नमस्कार केला आणि आले. वाटेत थाळी काखेत धरून चालताना सगळा रस्ता आपल्याकडे बघतोय असं वाटत होतं. पुढच्या गुरुवारी गेले नाही. जाणारही नाही.

वजन आणखी दीड किलोने उतरलं. डॉक्टरांनी पारानाला चिठ्ठी लिहून तयार ठेवली आहे.

खरं म्हणजे त्या सकाळबद्दल काही सांगायचं आहे ते तुलाच सांगावं, असं मनात येतं. तू त्याची बहीण. तुझ्याइतकं कुणाला कळणार? तू हो म्हणालीस तर पुढच्या पत्रात लिहीन.

कळावे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ओतिलिया

•

बुएनोस आयरेस,
१६ एप्रिल १९९४

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

नको लिहूस. अजून नको.

मी त्याची बहीण आहे म्हणूनच नको म्हणते. तू पहिलं वाक्य लिहिशील आणि लगेच बघशील की एल्विराला काय वाटेल. दुसरं वाक्य माझ्यासाठी मऊ करशील. तिसऱ्यात माझंच सांत्वन करायला लागशील. मिर्ताबाईंनी अनिबालला कधी पाहिलं नाही, त्यांना तुझी कीव करायची नाही आणि तुझ्या घरी जेवायलाही यायचं नाही. म्हणून तर त्यांच्याकडे जायचं. आधी तिथे सांग. उरलंच काही तर मला लिही, मी कुठे पळून जात नाही.

थाळीचं म्हणशील तर मीही खवळले असते. पण तू खवळलीस हे त्यांना कुठे माहीत आहे? जाऊन सांग. थाळी घेऊन जा आणि सांग की बाई, मला हे आवडलं नाही. वहिनी, हेच तर तिथलं काम आहे. मी सोन्सिनीशी सात वर्षं अशी गोड वागले की त्याला माझा कंटाळा आला असणार. एकदा तो माझ्या बोलण्यात जांभई देऊन गेला. मी एक आठवडा गेले नाही, मग गेले आणि तासभर त्याच्यावर ओरडले. बापाबद्दल जे सात वर्षांत बोलले नव्हते ते त्या दिवशी बाहेर आलं.

खोटं बोललीस त्याचं ओझं घेऊ नकोस. परत जाऊन म्हणायचं, मागच्या वेळी खोटं बोलले. त्या घराबाहेर काढत नाहीत.

पारानाला चिठ्ठी जायच्या आत जा. मी भावाला पोचवायला आले होते, तुला इस्पितळात बघायला येण्याची माझी तयारी नाही.

तुझीच, रागावलेली
एल्विरा

•

ग्वालेग्वाय,
२ मे १९९४

प्रिय एल्विरा,
स. न. वि. वि.

गेले. निळी थाळी घेऊन गेले आणि मांडीवर ठेवून बसले. म्हटलं, तुम्ही ही रिकामी दिलीत, आमच्याकडे असं करत नाहीत. मला वाटलं त्या माफी मागतील. त्यांनी विचारलं की थाळी भरून आली असती तर तुम्ही काय केलं असतं. मी म्हटलं, पुन्हा केक केला असता. मग मी पुन्हा काही भरून दिलं असतं, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो, तसंच चालतं. त्या म्हणाल्या की मग आपण दोघी फार चांगल्या शेजारणी झालो असतो, आणि तुम्ही ज्यासाठी आलात ते तसंच राहिलं असतं.

मला हसू आलं आणि त्याच हसण्यातून मी म्हटलं, तो झोपेत गेला नाही.

आता तुलाही सांगते. तिथे सांगून झालंय, तेव्हा तुझ्यासाठी काही मऊ करत नाही. बसून वाच.

आदल्या रात्री जेवताना आमचं वाजलं होतं. तुझ्या साठीला तुझ्याकडे यायचं त्याच्या मनात होतं, मी म्हटलं, एवढ्या उन्हाळ्यात मी येणार नाही, तू जा एकटा. सकाळी दुसरा पेला संपवून त्याने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाला, पुरे. आभार. येर्बा पिताना आभार म्हटलं की आणखी नको, हे तुला काय सांगायचं. पण त्याचे सात असायचे. तापात सात, त्याच्या आईच्या मयताच्या दिवशी सात. दोनवर तो कधीच थांबला नव्हता. मला ते दिसलं, एल्विरा. मला स्पष्ट दिसलं. आणि मी मनात म्हटलं, रुसलाय. मी का विचारू? तिसरा पेला भरून त्याच्यासमोर उभ्या उभ्या प्यायले, मुद्दाम, आवाज करत. मग खुराडं धुवायला गेले आणि हवं त्यापेक्षा जास्त वेळ धूत बसले. परत आले तेव्हा टोपी खाली पडली होती.

डॉक्टर म्हणाले होते की विचारलं असतं तरी हृदय थांबायचं ते थांबलंच असतं. पाद्री म्हणाले होते, तुझा दोष नाही. त्यांना मी पेल्याचं काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते बोलले ते माझ्यापर्यंत पोचलंच नाही. मिर्ताबाई दोषाबद्दल बोलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, तो तिसरा पेला कसा लागला होता? मी म्हटलं, चांगला लागला होता. मला रडू फुटलं ते तिथे. तो चांगला लागला होता.

आणि मी रडत असताना त्या म्हणाल्या की आज इथे थांबावं लागेल, वेळ झाली. त्याचाही राग आला. पुढच्या गुरुवारी तो सांगितला.

घसा अजून आवळतो. पण आता तो कशाला आवळतो ते कळतं. वजन आहे तिथे आहे, चिठ्ठी डॉक्टरांच्या खणात आहे.

तू काय म्हणशील याची धास्ती आहे. काही म्हणायचं नसेल तरी एक ओळ लिही.

तुझी
ओतिलिया

•

बुएनोस आयरेस,
१० मे १९९४

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

दोन दिवस तुझा राग आला. खोटं सांगून काय उपयोग, तूच तर मऊ केलं नाहीस. सोन्सिनीकडे जाऊन म्हटलं की तिने माझ्या भावाला नुसतं विचारायचं होतं.

तिसऱ्या दिवशी बसच्या थांब्यावर उभी असताना अनिबाल नऊ वर्षांचा आठवला. मी त्याचा पतंग फाडला होता. तो रुसून दोन दिवस जेवला नव्हता आणि आई कौतुकाने वाट बघत होती. वहिनी, तो रुसायचाच. साठ वर्षं रुसून रुसून त्यानेच आपल्याला शिकवलं होतं की हा गप्प झाला की रुसलाय. मी तिथे असते तर मीही तेच म्हटलं असतं आणि तिसरा पेला मी हिसकावून घेतला असता.

त्याला माझ्या साठीला यायचं होतं हे मला माहीत नव्हतं. ते मी ठेवून घेते.

राग गेला. थोडा उरला असेल तो तू आलीस की काढीन. त्यासाठी तरी ये, थंडीत ये.

तुझीच
एल्विरा

•

ग्वालेग्वाय,
२० मे १९९४

प्रिय एल्विरा,
स. न. वि. वि.

तुझं पत्र बुधवारी दुपारी आलं. वाचनालयात पुस्तकं शिवत होते तिथेच वाचलं, दोनदा, आणि एका भूगोलाच्या पुस्तकाला उलटी पानं शिवून बसले. ती उसवली. घरी येऊन वेताची खुर्ची पुसली. जुलैत येते, आणि तपकिरी जाकीट घालूनच येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबड्यांना मका टाकला, किटली गायला लागल्यावर उतरवली आणि संत्र्याखाली बसून येर्बा प्यायले. तीन पेले. तिसरा जरा वेळ घेऊन उतरला. चोथा गुलाबाच्या बुडाशी झटकला आणि साडेनऊला मिर्ताबाईंकडे गेले, रिकाम्या हाताने.

तुझी
ओतिलिया