बाबांची छाती धडधडत नाही

आई,

वाकून नमस्कार. चुका खूप असतील. शाळा सुटली तशी लिहायची सवय गेली, मोबाईलवर एकेक अक्षर शोधावं लागतं. रागावू नकोस.

बाबांची झोपेची तपासणी झाली. डोक्याला, छातीला वायरी लावून झोपवलं होतं. सकाळी डॉक्टरबाईंनी मला पडद्यावर दाखवलं. बाबा झोपेत लाथा मारतात, ओरडतात, पण छातीचे ठोके फारसे वाढतच नाहीत! आपण नुसतं दचकलो तरी किती धडधडतं. मी लाजत, हिंदीत विचारलंच, असं कसं? त्या म्हणाल्या, ठोके आपोआप कमीजास्त करणाऱ्या नसा मंद झाल्यात.

मग विचारलं, म्हणजे बाबांच्या मनात राग नसतो ना?

"ते ठोक्यांवरून नाही कळत गं. पण हा आजार आहे. माणूस स्वप्नातलं खरंच करायला लागतो."

त्या रात्री तुला बाबांची बुक्की लागली तेव्हा त्यांच्या स्वप्नात एक कुत्रा तुझ्या अंगावर आला होता. त्यांनी आज सांगितलं, मान खाली घालून.

वाईट स्वप्नं पडू नयेत म्हणून तू उशाखाली ठेवायला दिलेला अडकित्ता मी काढलाय. डॉक्टरबाई ओरडल्याच, "अय्यो, झोपेत हातात आला तर?"

औषध चालू झालंय. दरवर्षी दाखवायला सांगितलंय. का, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

मामाकडून कधी येतेस? तुझी गादी वेगळी घालीन. गुडघा कसा आहे?

तुझी
तनया

आणि हो, काल इथे तांबरमच्या बाजारात मी एकटीने तमिळमध्ये कोथिंबीर मागितली. मिळाली.