लाल ठिपक्याचा सेन्सर

प्रेम,

मी अर्धापूरला महामायाआत्याकडं चालले. वरण केलंय, भात तेवढा लाव.

तुझ्या दोस्ताची, व्यंकटीची जीप आज ऑइल बदलायला आली. खाली शिरले तर मागची दोन्ही चाकं एकदम फिरवणाऱ्या लॉकरच्या सेन्सरवर माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका! मी बसवलेल्या प्रत्येक पार्टला तो असतो, तुला ठाऊक हाय. आपल्या जीपचा नवा सेन्सर काढून तू त्याला दिलास अन् आपल्याला त्याचा जुना खराब ठोकलास. म्हणूनच लातूरच्या शर्यतीत लॉकरचा दिवा नुसता लुकलुकत राहिला, लॉकर लागलाच न्हाई अन् जीप काळ्या चिखलात रुतली. सगळे म्हणाले, ताईचं काम कच्चं. तू शेजारी उभा राहून मान डोलवत होतास. वर मला म्हणालास, "ताई, उंदरानं वायर कुरतडली असंल." अन् मी येडी, अख्खी वायर हातानं चाचपत बसले.

जीपला दुसरा सेन्सर बसवलाय. लॉकर लागतो, दिवा नीट जळतो. चावी खिळ्याला हाय.

ह्या वेळी ठिपका लावला न्हाई. परत काढून दिलास, तर मला कळायला नको.

ताई