रिकाम्या खुर्चीत विदाग्दो बसले

आदरणीय गुनादीदादांस,

मार्सुदीचा सलाम. समारिंडाची हवा तुमच्या आईच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या गुडघ्यांना मानवली का? इकडे क्लातेनला अल्लाहच्या कृपेने सगळे बरे आहोत. गिरणीचा पट्टा तेवढा महिन्यातून एकदा तुटतो, पण तो तुम्ही इथे होतात तेव्हाही तुटायचाच.

दादा, विदाग्दो आले. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर मी पट्ट्याबद्दलच लिहीत बसेन. आपल्या ‘लुंबुंग गेनी’ बँडचे विदाग्दो, ज्यांच्या आवाजापायी तुम्ही सायकल विकून कॅसेट घेतली होती (आणि वडिलांना सायकल चोरीला गेली म्हणून सांगितलं होतं, अल्लाह माफ करो). ते आले, खुर्चीत बसले आणि गायले.

तुम्हाला आठवतं, आपला चाहता मंडळाचा मेळावा दर वर्षी त्यांच्या वाढदिवशी, म्हणजे बारा जुलैला, माझ्या गिरणीच्या अंगणात भरतो. कॅसेट कंपनीच्या पत्त्यावर आमंत्रण जातं, उत्तर येत नाही. मग आम्ही एक खुर्ची रिकामी ठेवतो, तिच्यासमोर पिवळ्या भाताचा उंच शंकू, तुंपेंग ठेवतो, आणि त्याचं मानाचं टोक त्यांच्या वतीने तुमचे मेहुणे सुमिरात खातात. असं बावीस वर्षं चाललं. (टोक खाऊन सुमिरातना कधी अपचन झालं नाही.) सभासद चाळीसचे अकरा झाले. शेवटी या वर्षी बारा जुलैची खुर्चीही रिकामीच राहिली तेव्हा सुमिरात टोक खाऊन उठले आणि म्हणाले, “पुरे आता. आपण एका खुर्चीचे चाहते झालोय. मंडळ बंद करू.” हात वर झाले. मी मोजले, दहा.

आता तुम्ही म्हणाल, मार्सुदी गप्प का बसला नाही? त्याचं कारण एक आजी. सार्तिनाह नावाच्या एक आजी माझ्याकडे दोन लिटर तांदूळ दळायला आणतात, फार नाही, पण ठरावीक दिवशी. गिरणीवाल्याला माणसांपेक्षा पोती लक्षात राहतात. दर पस्तिसाव्या दिवशी मंगळवार आणि आपल्या पाच दिवसांच्या बाजारचक्रातला क्लिवोन एकत्र येतात, त्या मंगळवार-क्लिवोनच्या आदल्या सकाळी हे पोतं येणारच. या बारा जुलैच्या आधीच्या खेपेला विचारलं, “आजी, कुणाच्या जन्मवाराची खीर?”

“माझ्या पोराच्या.”

“काय करतो पोरगा?”

“आता कोंबड्या पाळतो. पूर्वी ओरडायचा.”

“कुणावर?”

“लोकांवर. लोक पैसे देऊन यायचे ऐकायला, काय सांगू तुला!”

माझ्या हातातली पायली खाली पडली. नाव विचारलं, तर विदाग्दो. दादा, आपल्यापासून बारा किलोमीटरवर राहतात! आणि जन्म मंगळवार-क्लिवोनचा, बारा जुलैचा नव्हेच; त्यांच्या वर्षीच्या बारा जुलैला तो वार पडतच नाही. मी सभेत उभा राहिलो आणि म्हणालो की एक मेळावा खऱ्या वारावर करू, नाही आले तर मंडळ मीच बंद करतो आणि माझी सहीवाली कॅसेट सुमिरातना देतो. सुमिरात कचेरीत कारकून. ते म्हणाले, “कागदावर बारा जुलै आहे, मार्सुदी. तुझी गिरणी आता तारखाही दळायला लागली का?” सगळे हसले. मीही हसलो, मग घरी जाऊन दोन रकात जास्तीची नमाज पढलो.

मेळावा मंगळवारी सकाळी दहाला ठरला. सोमवारी संध्याकाळी बायकोने सरावाचा तुंपेंग रचला (गेल्या वेळचा सुमिरातांकडे झुकला होता), मी उघड्या अंगाने पट्टा शिवत होतो. मगरीबची बांग झाली आणि दारात स्कूटर थांबली. हेल्मेट निघालं. विदाग्दो! मागे आजी. आणि मला, दादा, तेव्हा कुठे आठवलं की आपला वार सूर्य बुडताच लागतो. मंगळवार-क्लिवोन लागला होता. वारांची पंडिती मिरवणारा मी, आणि सगळ्यांना सोळा तास उशिराचं बोलावणं धाडून बसलो होतो. मी त्यांना बोलूच दिलं नाही, खुर्चीत बसवलं आणि बायकोला फोनकडे पिटाळलं. अर्ध्या तासात सगळे आले, कुणी लुंगीवर, कुणी खरकट्या हाताने. सुमिरात डोक्याला साबणाचा फेस तसाच ठेवून आले आणि खुर्चीकडे बघत दारातच उभे राहिले.

कुणीतरी बारा जुलैचं विचारलं. विदाग्दो लाजले. “तो आमच्या हेडमास्तरांनी लिहिलेला दिवस. आमच्या वर्गातली एकोणतीस पोरं एकाच दिवशी जन्मली. तुमची आमंत्रणं यायची, पण दुसऱ्याच कुणाचा तरी वाढदिवस चाललाय असं वाटायचं. दुसऱ्याच्या जेवणाला कसं जायचं?” मग ते गायले. दिव्यांसाठी गिरणीचं इंजिन चालू होतं, ते बंद करायला मी धावलो तर म्हणाले, “राहू दे. माझ्या ड्रमवाल्यापेक्षा ठेका बरा आहे.” आवाज जुना झालाय, पण आतला दाणा तोच. टोक मी त्यांच्या हातात दिलं, त्यांनी ते आईला दिलं. आजींनी खाल्लं आणि म्हणाल्या, “मीठ कमी आहे.”

मंडळ चालू राहणार. या खेपेला अकरा हात मोजले, पहिला सुमिरातांचा, अजून फेसाचा.

तुमचा,
मार्सुदी

ता. क. सुमिरात तुम्हाला फोन करतील. माझ्या आमंत्रणात एवढं काय लिहिलं होतं, असं विचारतील. ते आमंत्रण मी आजींच्या पिठाच्या पोत्यात वर ठेवलं होतं. दुपारी आजी पोतं न्यायलाच विसरल्या. संध्याकाळी मायलेक आले ते पीठ न्यायला. गर्दीत मी चिठ्ठी काढून खिशात घातली. खोटं बोललो नाही, कुणी विचारलंच नाही. तुम्हीही कृपा करून विचारू नका.

ता. क. २. खरं काम राहिलंच. निघताना आजींनी विचारलं, “तुझा वार कुठला रे? तुझ्याही नावाची वाटी करीन.” मला सांगता आलं नाही. माझ्याही कागदावर हेडमास्तरांचीच तारीख आहे आणि आई तर गेली. मी जन्मलो तेव्हा काकू तिच्या उशाशी होत्या. त्यांचे गुडघे बरे असतील तेव्हा विचारून कळवा. पुढची खीर पस्तीस दिवसांनी आहे.