रायभोगाचं बी आणि आईचं रक्त

तळेघर, १४ मे २०२५

चि. मोहिनीस मामाचे अनेक आशीर्वाद.

आजी बरी आहे, म्हणजे जेवते, हिंडते. पण काल तिनं घात केला. कणगीतलं रायभोग भाताचं बियाणं गिरणीत भरडून आणलं आणि भात रांधला. रोपांसाठी राब भाजून जमीन तयार, पेरायला मूठभर भात नाही. आजवर बियाण्याच्या लोंब्या तीच निवडायची, मला हात लावू द्यायची नाही. मी ओरडलो तर म्हणाली, पावणं, जेवून जावा, लई दमलाव.

महाळुंगे पडवळच्या सोयऱ्यांना आपणच हे बी दिलं होतं, ते परत मागवतो. खाली सपाटीला त्याला वास धरत नाही. बी तेच, माती निराळी.

तू आजीचं रक्त तुमच्या प्रयोगशाळेत नेलंस, त्याचं काय झालं? इथं फोनला रेंज नाही, तेव्हा पत्रानंच कळव. सोपं करून सांगू नकोस, या विसरण्याच्या आजाराबद्दल मी वाचलेलं आहे. हा आजार मला होण्याचा धोका किती, तो आकडा पाहिजे.

वेळेवर जेवत जा.
तुझा मामा, दादाभाऊ


पुणे, ९ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप मामांस मोहिनीचा शि. सा. न. वि. वि.

तपासणीला वेळ लागला, रागावू नका. अल्झायमरचा धोका वाढवणारा जनुकाचा प्रकार आजीला तिच्या आईकडूनही आलाय आणि वडिलांकडूनही.

आकडा मात्र देता येत नाही. पुस्तकातले आकडे बहुतेक युरोपी वंशाच्या लोकांवरून काढलेत. जनुक तेच असलं तरी ते किती जोरात चालायचं, हे डीएनएतला त्याच्या आजूबाजूचा भाग ठरवतो, आणि तो भाग पूर्वजांप्रमाणे बदलतो. आफ्रिकी वंशाच्या लोकांत त्याच जनुकाचा धोका कमी दिसतो. आपल्या डोंगरातल्या माणसांचं कुणी नीट मोजलेलंच नाही. म्हणून तुमच्या चाचणीची घाई नको.

आजीला जपा, स्वतःलाही. लोभ आहेच, तो राहू द्या.
तुमची मोहिनी


तळेघर, २० ऑक्टोबर २०२५

चि. मोहिनीस अनेक आशीर्वाद.

पोरी, तू हुशार, पण लपवणं तुला जमत नाही. आईकडे दोन्ही बाजूंनी तेच असेल, तर पोरांना द्यायला दुसरं होतंच काय? म्हणजे मला एक आलंच, तुझ्या आईला, मंगललाही. त्याला चाचणी कशाला? तुझं तू तपासलं असशील, तर मला कळवू नकोस.

आकड्याचं पटलं. महाळुंग्यात मोजून तळेघरच्या रायभोगाचा वास सांगता येत नाही. पण मोजलं नाही म्हणजे धोका कमी, असं मी धरत नाही. जास्तही असेल.

मागवलेल्या बियाण्याची पहिली पेंढी झोडून भात केला. वास आला, पण पूर्वीइतका का, हे सांगणारं नाक आईचंच. तिला वाढला. पोटभर जेवली आणि म्हणाली, पावणं, तुमच्यात भात चांगला व्हतो.

पुढच्या आठवड्यात लोंब्या निवडायच्यात. आईनं शिकवलं नाही. लांबून बघून मी उचललं, तेवढंच आता उरलंय, आणि तेही माझ्या एकट्याच्या डोक्यात. तिथं ते ठेवणं आता बरं नाही. दोन दिवस रजा काढ. सकाळची एसटी धर, नंतरच्या गाडीचा भरवसा नाही.

फाट्यावर मी उभा असेन. यंदा तरी तुला नावानं हाक मारीन.

तुझा मामा,
दादाभाऊ