हळद वाढली त्याबद्दल

हिंगोली, शुक्रवार

ती. मालनआत्यांना शीतलचा सविनय जयभीम.

इकडे सगळे बरे आहेत. तुमचा गुडघा काय म्हणतो? (फोनवर विचारलं की तुम्ही "मस्त हाय" म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र.)

मी नेमकं काय काम करते, हे मागच्या खेपेला तुम्हाला सांगता आलं नव्हतं. तर सर्व्हर म्हणजे दुकानात बसलेला माणूस समजा. इंटरनेटवरून गिऱ्हाईक विचारतं, तो उत्तर देतो. ती उत्तरं तपासायला मी जावास्क्रिप्टमध्ये छोटे प्रोग्राम लिहिते. ते खोटं गिऱ्हाईक होऊन जातात, विचारतात, आणि आलेलं उत्तर मी लिहून ठेवलेल्या उत्तराशी जुळवतात. जुळलं तर हिरवं, नाही तर लाल. (खोटं गिऱ्हाईक म्हणताना मला अजून चोरी केल्यासारखं वाटतं.) तुम्ही तरी वेगळं काय करायच्या? गूळ तोलता तोलता मला पाढे विचारायच्या, आणि चुकलं की पाव किलोचं वजन डब्यावर वाजवायच्या. शाळेआधीच मला वाचता आलं, ते त्या डब्यांवरची नावं वाचून. साखरा गावातल्या तुमच्या त्या दुकानाचा रॉकेल, गूळ आणि ओल्या पोत्यांचा वास इथं नाही. इथं नुसता एसी आहे.

आता चूक सांगते. औंढ्याच्या एका बचत गटाची हळद विकायची वेबसाइट आमच्याकडे आहे. माल नसेल तेव्हा सर्व्हरनं काय म्हणावं, ते चाचणीत लिहायचं होतं. साहेबांच्या कागदावर होतं, 'हळद संपली'. माझा हात धजेना. सहा वर्षांची असताना मी भर दुकानात "साखर संपली!" असं ओरडले होते, तेव्हा तुम्ही मला पोत्यावर बसवून सांगितलं होतं, "संपली म्हनू न्हाई, लेकरा. वाढली म्हनावं." (म्हणूनच दोन वर्षांपूर्वी तुम्ही दुकान वाढवल्याचं कळलं, तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.) मी लिहिलं, 'हळद वाढली'. उत्तर जुळलं नाही, लाल आलं. सर्व्हरचं काम बघणारी नाहिद म्हणाली, "काहून गं, तुझं लाल येऊन राहिलं?" तिनं शब्द वाचला आणि (तिच्या घरीही दिवा विझवत नाहीत, वाढवतात) सर्व्हरचंच उत्तर बदलून टाकलं. सगळं हिरवं झालं. आम्ही चहा प्यायलो.

पुढचे चार दिवस पुण्या-नागपूरची माणसं 'हळद वाढली' वाचून खूश होत होती आणि खरेदीचं बंद बटण दाबून थकत होती. एकानं लिहिलं, वाढली तर देत का नाही, साठेबाजी करता का? आमचे साहेब इंदूरचे. त्यांनी बदल कोणी केला ते पाहिलं, तर नाव नाहिदचं. ती अजून नोकरीत पक्की नाही. तिला ठेवायचं की नाही, ते सोमवारी ठरणार. मी लगेच जाऊन सांगितलं, शब्द माझा आहे आणि त्याचा अर्थ संपली असाच होतो. ते हसले. "शीतलजी, सहेली को बचाना अच्छी बात है, पर बढ़ी मतलब बढ़ी." नाहिद मात्र माझ्याविरुद्ध एक अक्षर बोलली नाही. मला जेवण जात नाही.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला जपा.

तुमची
शीतल

ता. क. मुख्य राहिलंच. 'वाढली' म्हणजे संपली, अशा दोन ओळी तुमच्या अक्षरात लिहून खाली सही करा. फोटो नको, साहेब म्हणतील मीच बनवला. पत्र आणणाऱ्या बेबीबाई रविवारी परत येतील, त्यांच्याच हाती द्या.

ता. क. २. कागद पाहिला की साहेब नक्की विचारतील, मग माल खरोखर वाढला तर तुम्ही लोक काय म्हणता? तेही लिहा. मी खूप आठवून पाहिलं. आपल्या दुकानात तो शब्द कधी लागल्याचं आठवत नाही.